सेकंदाचा हजारावा भाग

मिरजेत मुजावरमामांच्या दुकानात
काचेखाली निजलेले जुने कॅमेरे,
एकेकाच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली किंमत.
माझ्याकडं अठ्ठावीस हजार.
सांगलीत हळदीच्या अडतीत दीड वर्ष पावत्या लिहिल्या, त्याचे.
नोटांना अजून पिवळा वास.

"कशाचे फोटो काढणार?"
"खो-खोचे."
मामांनी चष्मा कपाळावर नेला.
"त्यापेक्षा नवरी बरी गं. बस म्हटलं की बसती."

मी घरूनच ठरवून आले होते :
नवाकोरा, चोवीस मेगापिक्सेल,
वर दोन भिंगं आणि एक बॅग फुकट.
"बॅग भारी आहे हां," मामा म्हणाले.
मग तसलंच एक फुकटातलं लांब भिंग लावून
कॅमेरा माझ्या हातात दिला,
दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, एक ट्यूब बंद केली,
आणि पोराला म्हणाले, "आसिफ, पळ रे इथनं तिथवर."
आसिफ पळाला.
मला मिळाला एक धूर.
धुराला शर्टाची बटणं.

"मॅचा तुमच्या दिवस मावळल्यावर ना?
चार हॅलोजन, त्यातला एक गेलेला?
तिथं भिंगाचं तोंड मोठं पाहिजे.
घागर कसलीही घे, पोरी,
विहीर कोरडी नको."

घागर निघाली आठ वर्षांची,
एक्केचाळीस हजार वेळा उघडमीट केलेली,
मुठीपाशी रबर सुटलेलं.
विहीर : पंच्याऐंशीचं भिंग, एक पॉइंट आठ,
आत कडेला बुरशीचा बारका ठिपका.
"दाणे पडतील रात्री. पडू देत.
रव्याचा लाडू समज. पण हजाराच्या खाली उतरू नको."
"ह्याला झूम नाही?"
"पाय आहेत की तुला."

मी काहीच बोलले नाही.
डाव्या गुडघ्यावर ओढणी सारखी केली.
ह्याच गुडघ्यानं माझा खेळ संपला,
सातव्या मिनिटाला, खांबाशी,
आणि तो आवाज फक्त मलाच ऐकू आला होता.
मामा बराच वेळ भिंग पुसत राहिले.
मग म्हणाले, "तर मग आधी जागा धर. पळणारे येतात तुझ्याकडं."
बॅटरी आणि कार्ड धरून सत्तावीस हजार आठशे झाले.
दोनशेत मी मिसळ खाल्ली आणि इस्लामपूरची एसटी धरली.

पहिल्या रात्री साडेतीनशे फोटो.
ढोपरं. धूळ. पंचांची शिट्टी, पंचांशिवाय.
कुणाची तरी पाठ, अगदी स्पष्ट,
नंबर अकरा, इस्त्री केलेला.
मी खो ऐकून बोट दाबत होते.
खो ऐकू येईतो बसलेली उठून गेलेली असते,
तिच्या जागी नुसती पाटी उरते.

चौथ्या मॅचला कान बंद केले.
खो ओठांवर येण्याआधी
टाच जमिनीवरून केसभर उचलते,
ज्वारीच्या दाण्याएवढी फट पडते तिच्याखाली.
हे मला कुणी शिकवायला नको.
माझी टाच अजून उचलते,
रात्री, चादरीखाली,
मी दचकून जागी होते.

कस्तुरी चौगुलेची टाच उचलली
आणि मी दाबलं, दाबून धरलं.

मामांनी फोटो मोठा करून बघितला.
कस्तुरी आडवी, अधांतरी, पूर्ण लांब झालेली,
एक हात खांबाला, दुसरा पुढच्या मुलीच्या वेणीपासून टीचभर.
वर कोपऱ्यात पांढुरका डाग.
"ही आपली बुरशी," मामा म्हणाले,
जणू नात्यातली कुणी भेटली.
मग पापण्या मोजल्या. मग आसिफला हाक मारली.
मग विचारलं,
"शिवली का मग? बाद झाली का?"

मला आठवेना.
तेवढ्यात मी मान खाली घालून
कॅमेऱ्याच्या पाठीवर
तिलाच बघत होते.